जुन्या टॉवरना नवा सेंटर जुळेल का? होम थिएटरच्या स्पीकरांची निवड आणि जुळणी

आपण दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही उलगडेल. पुण्यातील सदनिकेत आपला हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. टीव्ही ११ फुटांच्या भिंतीवर आहे, एल आकाराचा सोफा त्याच्यापासून सुमारे १० फुटांवर आहे आणि सोफ्यामागे जेवणाचे टेबल आहे. डावीकडे बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा, तर उजवीकडे आतल्या खोल्यांकडे जाणारा उघडा पॅसेज आहे. गाणी ऐकण्यासाठी पूर्वी घेतलेले दोन टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर आपल्याकडे आहेत, पण ती मालिका आता बाजारात मिळत नाही. दुकानदाराने सुचवले आहे की हे टॉवर तसेच ठेवावेत, दुसऱ्या कंपनीचा सेंटर (टीव्हीजवळचा मधला स्पीकर), तिसऱ्या कंपनीचे चार लहान सराउंड (बाजूचे आणि मागचे स्पीकर), एक सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा) आणि छताकडे तोंड करून वाजणारे दोन स्पीकर घेऊन ७.१.२ (सात स्पीकर, एक सबवूफर, दोन छताचे) पूर्ण करावे. कारण त्यांच्या मते वॉट आणि ओहम जुळले की मॅचिंग झाले. हे बरोबर आहे का आणि दीड लाख रुपये कसे विभागावेत, हा आपला प्रश्न आहे.

ही योजना स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डावा, मधला आणि उजवा हे पुढचे तीन स्पीकर एक संच म्हणूनच निवडायचे असतात आणि बाकी सर्व काही त्या तिघांनंतर येते. आपल्या योजनेत नेमका तोच संच तुटलेला आहे आणि पैसा मात्र दूरच्या, कमी महत्त्वाच्या कोपऱ्यांत वाटला गेला आहे.

वॉट आणि ओहम यांचे आधी पाहू, कारण दुकानात सर्वाधिक गोंधळ याच दोन आकड्यांवरून होतो. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात, प्रत्येक चॅनेलसाठी (एकेका स्पीकरच्या वाटेसाठी) स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतो. डाव्या चॅनेलवर ६ ओहमचा आणि मधल्या चॅनेलवर ८ ओहमचा स्पीकर जोडला तरी विद्युतदृष्ट्या काहीही बिघडत नाही. त्यांच्या आवाजाच्या पातळीत जो फरक पडेल तो रिसीव्हरमधील चॅनेल लेव्हलच्या सेटिंगने भरून निघतो. ओहमचा आकडा पाहायचा तो रिसीव्हरच्या प्रकृतीसाठी. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विद्युतरोध, वारंवारतेनुसार सतत बदलत असतो आणि छापलेल्या आकड्यापेक्षा काही ठिकाणी बराच खाली उतरतो. मध्यम किमतीच्या रिसीव्हरवर ४ ओहमचे पाच स्पीकर मोठ्या आवाजात दोन-दोन तास चालवले तर तो तापतो आणि स्वतःच्या संरक्षणासाठी मध्येच बंद पडतो. म्हणून ६ ते ८ ओहमचे स्पीकर घ्यावेत. ओहमचा विचार इथेच संपतो.

वॉटचा आकडा याहून फसवा असतो. स्पीकरमागे १५० वॉट लिहिलेले असतात याचा अर्थ त्याला तेवढे वॉट लागतात असा होत नाही. तो साधारण किती सहन करील याचा तो ढोबळ अंदाज असतो. रिसीव्हरच्या खोक्यावरील वॉट वाचताना सोबतच्या अटी वाचाव्यात; त्यांतले डिस्टॉर्शन म्हणजे आवाजातील विकृती. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल चालू’ या अटींवरचे १५० वॉट आणि ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन, दोन चॅनेल चालू’ या अटींवरचे ८० वॉट हे एकाच यंत्राचे आकडे असू शकतात. ज्यांना जुन्या टू-इन-वनवर छापलेले हजारो पीएमपीओ (जाहिरातीपुरते फुगवलेले) वॉट आठवतात, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

प्रत्यक्षात किती शक्ती लागेल हे कागदावर काढता येते. समजा, स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. आपला सोफा ३ मीटरवर आहे. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल कमी झाले असते. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मदतीला येतो, म्हणून घट ७ डेसिबल धरू. तेव्हा १ वॉटला सोफ्यावर ८० डेसिबल मिळतील. चित्रपटगृहाच्या संदर्भ पातळीवर प्रत्येक मुख्य चॅनेलची क्षणिक शिखरे १०५ डेसिबलपर्यंत जातात; तिथे पोहोचायला आणखी २५ डेसिबल, म्हणजे तीनशेहून अधिक वॉट लागतील. मात्र सदनिकेत त्या पातळीवर कोणी ऐकत नाही आणि शेजारीही ऐकू देत नाहीत. बहुतेक घरांत आवाज संदर्भापेक्षा १० ते १५ डेसिबल खाली असतो. १० डेसिबल खाली आलो की हीच गरज सुमारे ३२ वॉट होते. तेवढ्याच आवाजासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला ६४ वॉट लागतील आणि ९० डेसिबलच्या स्पीकरला १६ वॉट पुरतील. त्या तुलनेत ७० वॉट आणि ९० वॉट यांच्या दोन रिसीव्हरमधील फरक जेमतेम १ डेसिबलचा आहे, आणि त्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजणारे लोक मी नेहमी पाहतो. संवेदनशीलतेचा आकडा वाचताना एक पळवाट ध्यानात ठेवावी: तो ‘२.८३ व्होल्ट’वर दिलेला असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर मोजणीच्या वेळी त्याला १ ऐवजी २ वॉट मिळालेले असतात, म्हणून त्यातून ३ डेसिबल वजा करून तुलना करावी.

आता जुळणीकडे येऊ. जुळायला हवा तो आवाजाचा पोत. पडद्यावर एखादे पात्र बोलत बोलत डावीकडून उजवीकडे जाते किंवा गाडी समोरून निघून जाते, तेव्हा आवाज डाव्या स्पीकरमधून मधल्यात आणि मधल्यातून उजव्यात सोपवला जात असतो. तिघांचा पोत एक असेल तर ऐकणाऱ्याला स्पीकर जाणवत नाहीत, फक्त हालचाल जाणवते. पोत वेगळा असेल तर एकच ओळ अर्धी एका गायकाने आणि अर्धी दुसऱ्याने म्हटल्यासारखी वाटते. हा पोत मुख्यतः काही शे हर्ट्झपासून चार-पाच किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात ठरतो, आणि माणसाच्या बोलण्यातील ओळख पटवणारा भागही नेमका तिथेच असतो. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, कापडी घुमटाचा आहे, धातूचा आहे की हॉर्नमध्ये (कर्ण्यात) बसवलेला आहे, मधला सूर वाजवणाऱ्या वूफरचा शंकू कशाचा आणि किती मोठा आहे, त्या दोघांमधील क्रॉसओव्हर (सुरांच्या वाटणीची सीमा) कुठे आहे, आणि बाजूला गेल्यावर आवाज कसा बदलतो, या चार गोष्टी सारख्या असल्या तर पोत जुळतो. एकाच कंपनीचा शिक्का असणे पुरेसे नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्ये कधीकधी दोन कंपन्यांइतका फरक असतो. मालिका एक हवी.

रिसीव्हरमधील ऑडिसी, वायपीएओ किंवा डिरॅकसारखी स्वयंचलित दुरुस्ती सगळे स्पीकर सारखे करून देईल, असे आपल्याला नक्कीच सांगितले गेले असेल. ती यंत्रणा उपयोगी आहे, पण तिचा आवाका समजून घ्यावा. मायक्रोफोन ठेवलेल्या जागी पोहोचणाऱ्या आवाजातील चढउतार ती सपाट करू शकते. स्पीकर आवाज कोणत्या दिशेला किती फेकतो, हे ती बदलू शकत नाही. खोलीत आपल्या कानावर थेट आलेला आवाज पडतो, तसाच भिंती, फरशी आणि छत यांवरून परतलेलाही पडतो, आणि मेंदू दोन्ही मिळून पोत ठरवतो. हॉर्नचा स्पीकर वरचे सूर अरुंद झोतात पाठवतो, घुमटाचा ट्वीटर ते रुंद पसरवतो. थेट आवाज इक्वलायझरने एकसारखा केला तरी परतलेला आवाज वेगळाच राहतो. मंद्र सुरांत, म्हणजे साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली, जिथे खोलीचेच राज्य असते, तिथे ही दुरुस्ती उत्तम काम करते. पोताच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये.

आपल्या जुन्या टॉवरचे काय करावे? माझ्या मते तीन वाटा आहेत. पहिली, त्याच मालिकेचा सेंटर जुन्या बाजारात शोधणे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि जुन्या ऑडिओ वस्तूंची देवाणघेवाण करणाऱ्या हौशी मंडळींत असे नग कधीकधी निघतात, मात्र घेण्याआधी वूफरच्या कडेची फोमची किंवा रबराची पट्टी विरलेली नाही ना आणि ट्वीटर मूळचाच आहे ना, हे पाहावे. दुसरी वाट सेंटर घेऊच नये ही आहे. रिसीव्हरमध्ये सेंटर ‘नाही’ असे सेट केले की संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये समान वाटले जातात आणि मधोमध बसणाऱ्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. घरात पाहणारे दोघेच असतील आणि मध्यभागी बसणार असतील, तर न जुळणाऱ्या सेंटरपेक्षा मी केव्हाही हा पर्याय निवडीन. पण एल आकाराच्या सोफ्यावर पाच जण बसतात आणि मुले फरशीवर असतात, तेव्हा कडेला बसलेल्याला सगळे संवाद जवळच्या टॉवरमधून ऐकू येतात. म्हणून आपल्यासाठी तिसरी वाट योग्य आहे: टॉवर गाणी ऐकण्यासाठी दुसऱ्या खोलीत न्यावेत किंवा विकावेत, आणि पुढचे तिन्ही स्पीकर नव्याने एकाच मालिकेतून घ्यावेत. त्यांचे आपल्याला वाईट वाटेल हे मी समजू शकतो, कारण गाण्यांसाठी ते कदाचित नव्यापेक्षा सरसही असतील.

सेंटरच्या रचनेवर जरा थांबतो, कारण चित्रपटातील बहुतांश संवाद त्यातूनच येतात. टीव्हीखाली मावावा म्हणून सेंटर आडवा बनवतात आणि स्वस्त सेंटरमध्ये ट्वीटरच्या दोन्ही बाजूंना एकेक वूफर असतो. समोर बसणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. बाजूला बसणाऱ्यापर्यंत मात्र दोन वूफरांचे आवाज वेगवेगळे अंतर कापून पोहोचतात आणि काही वारंवारतांना एकमेकांना मारतात. दोन वूफरांच्या मध्यबिंदूंतील अंतर ३० सेंटिमीटर धरले, तर ३० अंश बाजूला बसलेल्यासाठी हा फरक १५ सेंटिमीटरचा होतो आणि सुमारे ११५० हर्ट्झला आवाजात खड्डा पडतो. २० अंशांवर तोच खड्डा साधारण १७०० हर्ट्झला सरकतो. आपल्या सोफ्याच्या एलच्या टोकाला बसणारी व्यक्ती ३० अंशांच्या आसपासच असेल, आणि तिला शब्द पुसट का ऐकू येतात याचे कारण अनेकदा हेच असते. उपाय दोन आहेत. थ्री-वे सेंटर घ्यावा, ज्यात ट्वीटर आणि मधल्या सुरांचा छोटा ड्रायव्हर (आवाज काढणारा शंकू) एकावर एक उभे असतात आणि दोन वूफर फक्त खालचे सूर वाजवतात. किंवा डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ, म्हणजे टॉवरहून लहान, स्टँडवर ठेवायचा स्पीकर टीव्हीखाली उभा ठेवावा. दुसरा उपाय जुळणीच्या दृष्टीने अचूक आहे, कारण तिन्ही स्पीकर तंतोतंत एकच होतात. त्यासाठी टीव्ही थोडा वर लावावा लागतो आणि बुकशेल्फ जोडीनेच विकले जात असल्याने एक नग उरतो, पण सराउंडलाही तेच स्पीकर घेतले तर तीन जोड्यांतून पाच वापरात येतात आणि सहावा सुटा भाग म्हणून ठेवता येतो. सेंटर कोणताही असो, तो टीव्ही युनिटच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून किंचित वर, कानांच्या दिशेने कलता ठेवावा. कप्प्यात आत ढकललेला सेंटर घुमतो.

टॉवर घ्यावेत की बुकशेल्फ? सबवूफर असणारच असेल तर या आकाराच्या हॉलमध्ये बुकशेल्फ. एकाच मालिकेतील टॉवर आणि बुकशेल्फ यांत ट्वीटर व मधला ड्रायव्हर बहुधा सारखेच असतात. टॉवरमध्ये जास्तीचा मिळतो तो बास, आणि तो तर ८० हर्ट्झखाली आपण सबवूफरकडे सोपवणार आहोत. वाचलेले पैसे सबवूफरवर लावावेत. साडेपाच ते साडेसहा इंची वूफरचा बुकशेल्फ ८० हर्ट्झपर्यंत आरामात उतरतो. याउलट तीन इंची ड्रायव्हरचे ते देखणे चौकोनी ठोकळे दीडशे हर्ट्झच्या खाली दमतात, मग सबवूफरला तिथपर्यंत वर यावे लागते आणि पुरुषी आवाजाचा खालचा भाग कोपऱ्यातून येऊ लागतो. सौंदर्यासाठी ते घ्यायचेच असतील तर किमान मी सुचवले असे म्हणू नका.

ठरावीक मॉडेलची शिफारस करण्याऐवजी ती कशी पारखावीत हे सांगतो, कारण बाजारातील मॉडेले दरवर्षी बदलतात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हरमन कंपनीत फ्लॉइड टूल, तसेच हरमनमध्ये शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून घेतलेल्या ऐकण्याच्या चाचण्यांतून एक गोष्ट पक्की झाली: स्पीकर दिसत नसतो तेव्हा बहुतेक श्रोते असा स्पीकर पसंत करतात ज्याचा समोरचा आवाज सपाट असतो आणि बाजूला जाताना तो एकसारखा, गुळगुळीतपणे कमी होतो. याच कामातून सीटीए-२०३४ ही मोजणीची पद्धत आली. तिच्यात स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळांत दर १० अंशांवर मिळून ७० नोंदी घेतल्या जातात. घेऊ पाहत असलेल्या मॉडेलचे असे आलेख मिळत असतील तर ते जाहिरातीतील ‘४५ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ’ या ओळीपेक्षा शंभर पटींनी उपयोगी आहेत. आलेख मिळाले नाहीत तर कानांवर भिस्त ठेवावी, पण शिस्तीने. दुकानात स्फोटांचे दृश्य लावतात, त्याने काहीही कळत नाही. आपल्या परिचयाचे आवाज सोबत न्यावेत: पुरुषाचे आणि स्त्रीचे साधे निवेदन, पेटीची साथ असलेले एखादे नाट्यपद, तबला. पेटीत मधले सूर दाटीने असतात आणि स्पीकरचा नाकातला किंवा डब्यातला स्वर ती लगेच उघडा पाडते. दोन स्पीकरांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, कारण १ डेसिबलने मोठा असलेला स्पीकरसुद्धा ‘अधिक स्पष्ट’ वाटतो. सेंटर जुळतो की नाही याची चाचणी तर अगदी सोपी आहे: रिसीव्हरचा टेस्ट टोन, म्हणजे तो फसफसणारा पिंक नॉइज, डाव्या, मधल्या आणि उजव्या स्पीकरवर फिरवावा. तो फसफसाट जागा बदलतो पण स्वर बदलत नाही असे वाटले, तर जुळणी झाली. मधल्यावर येताच तो बसका किंवा कर्कश झाला, तर तो सेंटर परत ठेवावा.

सबवूफरची कंपनी वेगळी असली तरी चालते. त्याच्या पट्ट्यात पोत ऐकू येत नाही, ताकद आणि खोली ऐकू येते. आपल्या हॉलचे घनफळ सुमारे १६७० घनफूट आहे, आणि उघड्या पॅसेजमुळे सबवूफरच्या दृष्टीने ते आणखी मोठे आहे, म्हणून दहा इंचीपेक्षा बारा इंची घ्यावा. पोर्ट, म्हणजे हवेसाठी नळीचे भोक, असलेला सबवूफर त्याच किमतीत खोलवर जास्त आवाज देतो, बंद पेटीचा आकाराने लहान असतो आणि खालच्या टोकाला हळूहळू उतरतो. चित्रपटांसाठी मी पोर्टच्या बाजूने आहे. पण इथे यंत्रापेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे. १६ फुटांच्या लांबीत ३५ हर्ट्झच्या आसपास, ११ फुटांच्या रुंदीत ५१ हर्ट्झच्या आसपास आणि छताच्या उंचीत ५९-६० हर्ट्झला ध्वनीलहरी भिंतींमध्ये उभ्या राहतात. त्यामुळे एका जागी बास अंगावर येतो आणि दोन फुटांवर तो गायब होतो. आपला सोफा खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर येत नाही हे सुदैव, कारण ३५ हर्ट्झचा खड्डा नेमका तिथे असतो. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, बासचे वाद्य असलेले गाणे लावावे आणि भिंतीकडेने ओणवे होऊन जिथे जिथे तो ठेवता येईल तिथे कान लावून ऐकावे. जिथे प्रत्येक स्वर सारखा उमटतो ती त्याची जागा. घरच्यांना हा प्रकार हास्यास्पद वाटेल, पण याहून चांगला बिनखर्ची उपाय मला ठाऊक नाही. पुढे पैसे साठल्यावर सराउंड वाढवण्याऐवजी दुसरा तसाच सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवला, तर सोफ्यावरील सर्व आसनांना बास जवळपास सारखा मिळतो. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांसाठी सबवूफरखाली रबर-फोमची गादी घालावी. स्लॅबमधून थेट जाणारी कंपने त्याने कमी होतात, हवेतून जाणारा बास मात्र थांबत नाही, तेव्हा रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोडच (मोठे आवाज आवरणारी सोय) कामाला येतो.

पुढच्या स्पीकरांच्या मांडणीत आपली भिंतच मर्यादा घालते. डावा-उजवा मध्यापासून प्रत्येकी ३० अंशांवर असावेत असा आंतरराष्ट्रीय मानकाचा संकेत आहे, पण ३ मीटर अंतरासाठी त्यांच्यात साडेतीन मीटरचे अंतर लागेल आणि भिंत सव्वातीन मीटरच्या जरा पुढे संपते. २२ ते २५ अंश चालतात, म्हणजे दोघांत आठ ते नऊ फूट ठेवावे आणि ट्वीटर बसलेल्याच्या कानाच्या उंचीला, सुमारे एक मीटरवर आणावेत. भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ठेवलेल्या स्पीकरला मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज १७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. म्हणून एकतर भिंतीला बऱ्यापैकी जवळ ठेवून पोर्टमध्ये फोमचा बोळा घालावा, नाहीतर भरपूर पुढे आणावे. सदनिकेत पहिलाच पर्याय व्यवहार्य असतो.

आता ७.१.२ विषयी. सोफ्यामागे जेवणाचे टेबल आणि येण्याजाण्याची वाट असताना मागचे दोन जास्तीचे सराउंड नीट बसवायला जागा नाही, आणि चार स्वस्त सराउंडपेक्षा दोन चांगले केव्हाही सरस. ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या किंचित मागे, १०० ते १२० अंशांच्या पट्ट्यात आणि कानापेक्षा फूटभर वर असावेत. डावीकडे काचेचा दरवाजा असल्याने तिथे स्टँडच लागेल. उजवीकडचा भिंतीवर असला आणि दोघांचे अंतर सारखे नसले तरी हरकत नाही, कारण आवाज एक फूट कापायला साधारण ०.९ मिलिसेकंद घेतो आणि हा फरक रिसीव्हर भरून काढतो. पोताची जुळणी सराउंडला पुढच्यांइतकी काटेकोर लागत नाही. त्याच मालिकेतील लहान जोडी मिळाली तर उत्तमच.

छतावर आवाज आपटवणाऱ्या स्पीकरांना मी आपल्या घरात विरोध करीन. त्यांना सपाट, कठीण आणि साडेसात ते बारा फूट उंचीचे छत लागते. उंची आपल्याकडे आहे, पण छताच्या मधोमध पंखा आहे आणि पीओपीच्या पायऱ्या आहेत, त्यामुळे उसळून येणारा झोत विखुरतो. शिवाय चालू पंख्याचा घोंगाट हलके आवाज गिळतो. डॉल्बी अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज देणारी पद्धत) हवेच असेल, तर पुढे कधीतरी छतात किंवा छतालगत बसवलेले दोन खरे स्पीकर, सोफ्याच्या थोडे पुढे घ्यावेत. ५.१.२ तेव्हा पूर्ण होईल. रिसीव्हर मात्र आत्ताच सात चॅनेलचा घ्यावा, किमतीतला फरक फारसा नसतो.

खोलीविषयी थोडे. व्हिट्रिफाइड फरशी, काच आणि उघड्या भिंती यांमुळे आपल्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती खणखणत राहत असेल. सोफ्यापुढे जाड गालिचा किंवा सतरंजीखाली फेल्टचा थर, काचेवर भिंतीपर्यंत जाणारा दुहेरी चुण्यांचा जड पडदा आणि सोफ्यामागच्या भिंतीवर भरलेले पुस्तकांचे कपाट, एवढ्याने संवादांची स्पष्टता जितकी वाढेल तितकी रिसीव्हर वरच्या दर्जाचा घेऊन वाढणार नाही. बाजारात मिळणारे इंचभर जाडीचे अंड्याच्या ट्रेसारखे फोम फक्त वरचे सूर शोषतात आणि खोली मंद, गुदमरलेली करतात, ते टाळावेत.

दीड लाखांची माझी विभागणी अशी असेल: पुढच्या तिघांवर सुमारे ५५ हजार, सबवूफरवर ३५ हजार, रिसीव्हरवर ३५ हजार, सराउंडवर १५ हजार आणि उरलेले १० हजार स्टँड, वायर, पडदा यांवर. टॉवर विकले गेले तर ती रक्कम सबवूफरमध्ये घालावी. एकदम सगळे जमत नसेल तर आधी पुढचे तिघे आणि रिसीव्हर, मग सबवूफर, शेवटी सराउंड हा क्रम ठेवावा, ३.०, म्हणजे सबवूफरविना पुढचे तिघेच, ऐकणे हे विसंगत ७.१.२ पेक्षा कितीतरी सुखाचे असते.

जोडणी झाल्यावर मायक्रोफोन ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला ठेवून, पंखा आणि एसी बंद करून स्वयंचलित मोजणी करावी, पण तिचे निकाल डोळे मिटून स्वीकारू नयेत. रिसीव्हरने एखादा स्पीकर ‘लार्ज’ ठरवला असेल तर तो ‘स्मॉल’ (बास सबवूफरकडे सोपवणारा) करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आणावा. सराउंड लहान असतील तर त्यांच्यासाठी १०० किंवा १२० चालेल. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा चार-सहा फूट जास्त दाखवले असेल तर ते तसेच राहू द्यावे, कारण सबवूफरच्या आतील फिल्टरमुळे होणारा उशीर त्यात मोजलेला असतो. सबवूफरच्या मागील क्रॉसओव्हरची कळ शेवटपर्यंत फिरवावी किंवा एलएफई इनपुट (सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर टाळणारी जोडणी) वापरावे, नाहीतर एकाच पट्ट्यावर दोनदा कात्री चालते. संवाद मधोमध एकवटत नसतील तर सर्वांत आधी लाल-काळ्या टोकांची अदलाबदल झाली आहे का, हे पाहावे.

वायर शुद्ध तांब्याची घ्यावी; तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर त्याच जाडीला सुमारे दीडपट रोध देते. पुढच्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर पुरे आहे, सराउंडपर्यंत दहा मीटरच्या आसपास जावे लागेल तिथे २.५ घ्यावी. पीओपीचे किंवा रंगाचे काम निघणार असेल, तर त्याआधीच सराउंडच्या दोन्ही जागा, छतावरील दोन जागा आणि मागच्या भिंतीवरील दुसऱ्या सबवूफरची जागा येथपर्यंत रिकामे कंड्युट (वायर ओढण्याचे पाइप) टाकून ठेवावेत, आणि त्यांत ओढण्यासाठी नायलॉनची दोरी सोडून ठेवायला इलेक्ट्रिशियनला सांगावे.